अपघात क्लेम: वकील पंचवीस टक्के मागतात, हे कायद्यात बसतं का? आणि भरपाई ठरते कशी?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

माझा मेहुणा, वय ३४, सांगलीत इलेक्ट्रिशियनची कामं घेतो. चार महिन्यांपूर्वी सातारा जिल्ह्यात हायवेवर मागून आलेल्या टेम्पोने त्याच्या बाइकला उडवलं. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, रॉड टाकलाय, तो पुढे काढायचा आहे. एफआयआर झाली आहे, टेम्पोचा नंबर त्यात आहे. हॉस्पिटलचं बिल २ लाख ८५ हजार, त्यातले १ लाख ६० हजार मेडिक्लेमने भरले. महिन्याला साधारण १८ हजार कमवायचा, आता आठेक महिने तरी शिडीवर चढता येणार नाही म्हणतात.

हॉस्पिटलमध्ये एक गृहस्थ भेटले. त्यांचे वकील आधी एक रुपया घेत नाहीत, मिळेल त्यातले २५ टक्के घेतात. वकीलपत्रासोबत दोन कोऱ्या स्टॅम्प पेपरवर आणि दोन कोऱ्या चेकवर सह्या हव्यात म्हणाले. ओळखीतले दुसरे वकील ठरावीक फी सांगतात, पण थोडे पैसे आधी द्यावे लागतील.

१) टक्क्यावर फी हे बरोबर आहे का? अमेरिकेत तर सगळे तसंच करतात ना?
२) केस सातारला करायची की सांगलीला? मुदत किती?
३) रक्कम ठरते कशी? मेडिक्लेमचे पैसे वजा होणार का?

वकिलीकट्टा:
आधी फीचं सांगतो, कारण सह्या झाल्या की बाकी सगळं अवघड होतं.

भारतात वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही ठेवता येत नाही. वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत नियम २० हेच सांगतो. असा करार करार कायद्याच्या कलम २३ खाली बेकायदा ठरतो, आणि वकिलावर व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते. यावर सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे आणि तो नेमका मोटार अपघाताच्याच प्रकरणातला आहे. तेलंगणातल्या एका विधवेकडून वकिलाने फीपोटी १० लाखांचा चेक घेतला होता, तो वटला नाही म्हणून तिच्यावर चेक बाउन्सची फिर्याद केली. सुप्रीम कोर्टाने ती फिर्यादच रद्द केली आणि टक्केवारीची फी बेकायदा असल्याचं स्पष्ट सांगितलं.

आता व्यवहारातलं. कोर्टाच्या आवारात "वीस टक्के", "पंचवीस टक्के" हे शब्द सर्रास ऐकू येतात, हे कुणी नाकारणार नाही. लोक कबूल होतात कारण खिशात पैसे नसतात. पण कोरा चेक आणि कोरा स्टॅम्प पेपर कशासाठी मागतात ते समजून घ्या. टक्क्याचा करार कोर्टात टिकत नाही हे त्यांनाही माहीत असतं. म्हणून नंतर त्या कागदावर हातउसने घेतल्याचं लिहिता येतं आणि चेकवर आकडा टाकता येतो. अशी एकही सही करू नका. वकीलपत्र, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र हे तीनच कागद सुरुवातीला लागतात, तिन्ही पूर्ण भरलेले असावेत, आणि सही करण्याआधी वाचून प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हॉस्पिटलमध्ये फिरून केसेस गोळा करणारे लोक ठेवणं हेही वकिलाला मना आहे.

ठरावीक फी टप्प्यांत द्या. एक हप्ता अर्ज दाखल होताना, एक पुरावा सुरू होताना, उरलेली अंतिम युक्तिवादाच्या वेळी. रक्कम गावागणिक आणि वकिलागणिक बदलते, त्यामुळे दोनतीन ठिकाणी विचारा. पण विचारताना "एकूण किती" एवढंच विचारू नका. फीत काय धरलंय आणि काय वेगळं, ते लिहून घ्या. वेगळं सहसा हे असतं: कोर्ट फी स्टॅम्प, समन्सचा भत्ता, टायपिंग-नोटरी, पोलीस कागदांच्या नकला, आणि डॉक्टर साक्षीला आले तर त्यांची फी. शेवटचा खर्च लोक विसरतात आणि ऐन वेळी डॉक्टरच येत नाहीत. अपील झालं तर त्याची फी वेगळी ठरते, हेही आधीच बोलून घ्या. दर हप्त्याची पावती मागा, ऑनलाइन पाठवलेत तर त्यात "अपघात अर्ज फी" असं लिहा.

वकील बदलायचा झाला तर बदलता येतो. थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलंय. फी बाकी असेल तर ती त्यांनी कायद्याने वसूल करावी. ना-हरकत देत नसतील तर कोर्टाला तसा अर्ज देऊन नवं वकीलपत्र दाखल करता येतं.

केस कुठे: अपघात झाला ते ठिकाण, जखमी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो ते ठिकाण, किंवा समोरच्याचं राहण्याचं ठिकाण, यांपैकी कुठलंही मोटार अपघात दावा प्राधिकरण (अशा केसेस चालवणारं कोर्ट) निवडता येतं. तारखांना त्याला पाय ओढत सातारला नेण्यापेक्षा सांगली बरी.

मुदत: १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश झाला की केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत. तरी अंतिम निकालाच्या भरवशावर राहू नका. तुमच्याकडे दोन महिने आहेत, त्यात अर्ज टाका. अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो, त्यासाठी थांबू नका.

कृष्णाकाठ:
खूप आभार. चेकबुक त्याच्या बायकोकडे आहे, तिला लगेच फोन केला. रकमेचं कुणी सांगेल का? तो माणूस "तीस लाख कुठे जात नाहीत" म्हणतोय.

दावाविभाग:
"तीस लाख" हे सांगणाऱ्याने कागद पाहिलेत का, ते विचारा. जखमीच्या प्रकरणात रक्कम दोन गोष्टींवर फिरते: उत्पन्न किती सिद्ध झालं, आणि अपंगत्वामुळे कमाई किती टक्के घटली. भरपाईच्या बाकीच्या बाबी त्यामानाने किरकोळ.

तुमच्या आकड्यांवर हिशेब मांडतो. समजा १८,००० महिना सिद्ध झाला. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरायचे: २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. समजा कमाईतली घट २० टक्के मानली: वर्षाला ६०,४८०. वार्षिक नुकसानाला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं, वय ३१ ते ३५ साठी तो १६. झाले ९,६७,६८०. मृत्यूच्या प्रकरणात स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते ती इथे होत नाही, समोरच्या वकिलाने तशी मांडली तर हरकत घ्यायला सांगा.

यात उपचार २,८५,०००, आठ महिन्यांची बुडालेली कमाई १,४४,०००, रॉड काढण्याचा पुढचा खर्च समजा ६०,०००, प्रवास-आहार-सोबतीचा माणूस समजा ४०,०००, वेदना आणि आयुष्यातल्या सुखसोयी गमावल्याबद्दल समजा १,२५,०००. एकूण १६,२१,६८०. पुढच्या उपचारखर्चावर सहसा व्याज देत नाहीत, म्हणून तो सोडून उरलेल्यावर साडेसात टक्क्याने तीन वर्षांचं व्याज ३,५१,३७८. सगळं मिळून १९ लाख ७३ हजार. यातले २५ टक्के म्हणजे ४ लाख ९३ हजार. एका नडगीच्या केससाठी ही फी कशी वाटते, तुम्हीच बघा.

आता हाच हिशेब उत्पन्नाचा पुरावा नसेल तर कसा कोसळतो ते पाहा. पुरावा नसला की प्राधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाजाने आकडा धरतं. तो १०,००० धरला तर ९,६७,६८० च्या जागी ५,३७,६०० येतात. सव्वाचार लाखांहून जास्त नुकसान निव्वळ कागद नसल्याने. इलेक्ट्रिशियनकडे पगारपत्रक नसतं हे मान्य, पण बाकी बरंच असतं: वायरमनचा परवाना, इलेक्ट्रिक मालाच्या दुकानातली त्याच्या नावची बिलं, ठेकेदाराने पाठवलेले ऑनलाइन पैसे, मागच्या दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरण भरलं असेल तर ते. अपघातानंतर घाईने भरलेलं मोठ्या आकड्याचं विवरण मात्र उलटतपासणीत पहिल्या दोन प्रश्नांत पडतं. ज्या ठेकेदाराकडे तो नेहमी काम करायचा, त्याला साक्षीदार म्हणून आणणं त्याहून फायद्याचं. नुसता लेटरहेडवरचा दाखला आणि देणारा माणूस साक्षीला नाही, तर त्या दाखल्याला वजन राहत नाही.

अपंगत्वाचं गणित सगळ्यात जास्त चुकतं. दाखल्यावर "उजवा पाय ४० टक्के" असं लिहिलेलं असतं. ते एका अवयवाचं अपंगत्व. अख्ख्या शरीराचं त्याहून कमी येतं, आणि कोर्टाला हवं असतं तिसरंच: त्या माणसाच्या धंद्यात कमाई किती घटली. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हा फरक नीट समजावलाय. बसून काम करणाऱ्या कारकुनाला पाय अडला तर फारसा फरक पडणार नाही. शिडी, छप्पर, खांबावर चढणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तोच पाय दुप्पट महाग पडतो. म्हणून अर्जात आणि साक्षीत त्याचं काम तपशिलाने यायला हवं: किती उंचीवर, उकिडवं बसून किती वेळ, किती वजन उचलून. "इलेक्ट्रिशियन आहे" एवढ्या एका शब्दावर वकील पुढे गेले तर नुकसान तुमचं.

दाखला जिल्हा शासकीय रुग्णालयातून किंवा उपचार करणाऱ्या सर्जनकडून घ्या, पण हाड जुळून उपचार संपल्यावर. मधेच घेतला तर विमा कंपनी म्हणते, सुधारणा होणार होती. दाखला देणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागतेच असं धरून चला. उपचारच न केलेल्या आणि एक्स-रे न बघता टक्के लिहिणाऱ्या डॉक्टरचे दाखले कोर्टाला ओळखता येतात.

मेडिक्लेम: मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करायची नाही. त्यामुळे पूर्ण २,८५,००० मागा. अडचण वेगळीच येते. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीने ठेवून घेतलेली असतात. त्यांच्याकडून शिक्का मारलेल्या प्रती आणि किती रक्कम दिली त्याचं पत्र आत्ताच मागवा, दोन वर्षांनी शोधाशोध होते. औषधाच्या दुकानातल्या थर्मल कागदावरच्या पावत्या सहा महिन्यांत पांढऱ्या पडतात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा.

एडिसनकर:
अमेरिकेचा उल्लेख आलाय म्हणून. इथे अमेरिकेत टक्क्यावरची फी कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. न्यू जर्सीत पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत एक तृतीयांश ही कमाल मर्यादा आहे, करार लेखीच लागतो, आणि टक्के काढायचे ते खर्च वजा जाऊन उरलेल्या रकमेवर. इथला अर्धाच नियम उचलून सांगलीत कुणी "जगभर असंच असतं" म्हणत असेल तर दुर्लक्ष करा.

विधीसेवा_सांगली:
पैसे नाहीत म्हणून टक्क्याला हो म्हणण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, बालक, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. इतर बहुतेकांना उत्पन्नमर्यादा आहे. मेहुण्याचं अपंगत्व दाखल्याने ठरलं की तोही या वर्गात येऊ शकतो, त्याआधी उत्पन्नाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. वकील पॅनेलवरचा मिळतो, त्याने तुमच्याकडून वेगळी फी घ्यायची नसते. घेतली तर तिथेच लेखी तक्रार द्या. फोनवर विचारायचं तर १५१००.

लोकअदालतीबद्दल एक सावधगिरी. तिथे तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, महिन्याभरात पैसे येण्याची शक्यता असते, हे खरं. पण त्या निवाड्यावर अपील नाही. अपंगत्वाचा दाखला हातात यायच्या आधी लोकअदालतीत आकडा कबूल करू नका. सही करताना कागदावरची रक्कम व्याजासह आहे की व्याज वेगळं, हे अक्षरी वाचा.

कृष्णाकाठ:
अजून एक. टेम्पोमालकाकडचा माणूस आला होता. "विमा कंपनीकडून चूक कुणाची हे न बघता अडीच लाख लगेच मिळतात, ते घ्या आणि विषय संपवा" म्हणाला. हे खरं आहे का?

वकिलीकट्टा:
अडीच लाख हे खरं आहे. "विषय संपवा" हेही खरं आहे, तीच मेख आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. हाड मोडणं ही गंभीर दुखापतच. पण कलम १६६ च्या परंतुकात लिहिलंय की कलम १४९ च्या पद्धतीने, म्हणजे विमा कंपनीशी तडजोड करून, १६४ ची भरपाई स्वीकारली की प्राधिकरणापुढचा मोठा अर्ज संपुष्टात येतो. वरचा सोळा लाखांचा हिशेब पाहता तुमच्यासाठी हा सौदा तोट्याचा. चूक सिद्ध करणं अशक्य असेल, साक्षीदार नसेल, बाइकवाल्याचीच चूक दिसत असेल, तिथे १६४ कामाचं. तुमच्याकडे मागून धडक आणि नंबरसह एफआयआर आहे.

टेम्पोमालकाच्या माणसाने दिलेल्या कुठल्याही "तक्रार नाही" छापाच्या कागदावर सही नको. पोलिसांसमोर "माझीही चूक होती" असा जबाब दिला तर तोच पुढे सहनिष्काळजीपणासाठी वापरतात आणि रकमेतून तेवढे टक्के कापले जातात.

पोलिसांकडून काय घ्यायचं ते पाहा. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा नकाशासह, दोन्ही वाहनांचा आरटीओ तपासणी अहवाल, इंजुरी सर्टिफिकेट, टेम्पोचं आरसी, चालकाचं लायसन्स, विमा पॉलिसी, आणि दोषारोपपत्र. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाला पाठवायचा असतो, आणि सविस्तर अहवालावर विमा कंपनीने ३० दिवसांत प्रस्ताव द्यायचा असतो. चार महिने झालेत, म्हणजे तो अहवाल गेलेला असायला हवा. प्रत्यक्षात प्रत्येक ठाण्यात हे वेळेवर होत नाही. लेखी अर्ज देऊन प्रत मागा आणि अर्जावर पोच घ्या. अहवाल गेला असला तरी स्वतःचा अर्ज वेगळा टाकून ठेवलेला बरा, दोन्ही एकत्र जोडले जातात.

विमा होता का हे एमपरिवहन अॅपवर टेम्पोचा नंबर टाकून बघा, आणि अपघाताच्या तारखेला तो चालू होता का ते पाहा. आजची तारीख बघून लोक फसतात. चालकाकडे योग्य लायसन्स नसेल तर विमा कंपनी हात झटकायला बघते, पण अशा प्रकरणांत आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा असे आदेश होतात. म्हणून अर्जात चालक, मालक आणि विमा कंपनी तिघेही पाहिजेत.

दावाविभाग:
पैसे मिळण्याच्या टप्प्याचं राहिलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल २०२५ च्या निर्देशांनंतर अर्जातच जखमीचं आधार आणि पॅन द्यायचं असतं, आणि भरपाईचा आदेश होताना त्याच्या बँक खात्याचा तपशील मागतात, म्हणजे रक्कम थेट त्याच खात्यात जाते. खातं त्याच्या एकट्याच्या नावाचं असू द्या, मोबाइल नंबर त्याचाच जोडलेला असू द्या, आणि चेकबुक-एटीएम कुणाच्या ताब्यात देऊ नका. रकमेचा काही भाग कोर्ट मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. उपचारासाठी लागले तर मुदतीआधी काढण्याचा अर्ज करता येतो.

दाव्यात आकडा किती टाकायचा याची फार चिंता नको. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर बसते, म्हणून पन्नास लाख लिहिण्यात अर्थ नाही. पुराव्यात जास्त निघालं तर मागितल्यापेक्षा जास्तही देता येतं, फरकाची कोर्ट फी भरावी लागते.

निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील होत नाही. सांगलीची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. आणि हो, अर्ज दाखल झाला की वकिलांकडून १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (केसचा ओळख क्रमांक) मागून घ्या. ई-कोर्ट्स अॅपवर तो टाकला की पुढची तारीख आणि रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद) घरबसल्या दिसतो. "तारीख पडली" असं कुणी फोनवर सांगितलं तर ती कशासाठी पडली, समन्स बजावलं गेलं नाही की आपलाच साक्षीदार आला नाही, ते तिथे वाचायला मिळतं.